कोणते देशमुख?

नागपुरात स्वतःची ओळख करून दिली की मला बहुतेक वेळा दुसरा एक प्रश्न ऐकावा लागतो. लग्नाच्या मांडवात असो, बँकेच्या रांगेत असो की सकाळी महाराजबागेच्या बाजूने फिरताना नव्याने भेटलेल्या बाईंशी बोलताना असो, मी "देशमुख" म्हटले की समोरचे माणूस थोडे थांबते आणि मग विचारते, "कोणते देशमुख जी तुम्ही?" हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. जोशी, पवार किंवा वानखडे म्हटल्यावर त्याला जेवढे कळते, तेवढे देशमुख म्हटल्यावर कळत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. मराठा देशमुख आहेत, कुणबी देशमुख आहेत, देशस्थ ब्राह्मण देशमुख आहेत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू देशमुख आहेत, लिंगायत देशमुख आहेत आणि वऱ्हाडात मुसलमान देशमुखांचीही घराणी आहेत. त्यामुळे हे आडनाव ऐकून जात कळत नाही, कूळ कळत नाही, गाव तर मुळीच कळत नाही. तरीही ते ऐकताच माणसाला वाटते की आपल्याला काहीतरी कळले आहे, आणि नेमके काय ते ठरवण्यासाठी तो पुढचा प्रश्न विचारतो.

माझ्या बाबतीत या प्रश्नाला दोन उत्तरे द्यावी लागतात. माझा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात देशमुखांच्या घरी झाला आणि लग्न होऊन मी नागपुरात आले तीही देशमुखांचीच सून म्हणून. माहेर देशमुख, सासर देशमुख. लग्नानंतर इतर मुलींची पूर्ण सही बदलते. माझ्या सहीतले फक्त मधले नाव बदलले. स्थळ आले तेव्हा आमच्या मोठ्या काकांनी मुलाचे शिक्षण आणि नोकरी विचारण्याच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या होत्या: "मूळ आडनाव कोणतं आणि देवक कोणतं?" आमचे मूळ आडनाव गावंडे, त्यांचे राऊत. देवकेही वेगळी निघाली, तेव्हा कुठे पुढची बोलणी सुरू झाली. त्या दिवशी बैठकीत गावंडे हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलेला ऐकला. तोवर मला वाटत होते की आपण देशमुखच आहोत आणि कायम देशमुखच होतो.

याचा त्रासही झाला. मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले तेव्हा निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत "विवाहापूर्वीचे आडनाव" आणि "विवाहानंतरचे आडनाव" अशा दोन रकान्यांत मी एकच शब्द लिहिला. तो अर्ज एका कार्यालयातून तीनदा परत आला. टेबलावरच्या बाबूंचे म्हणणे असे की मी एक रकाना चुकून भरला आहे आणि खरे माहेरचे नाव लपवले आहे. शेवटी शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर शपथपत्र करून द्यावे लागले की माझ्या वडिलांचे आडनाव व माझ्या पतीचे आडनाव एकच असून ही दोन कुटुंबे परस्परांच्या रक्तसंबंधातील नाहीत. ते शपथपत्र टंकलिखित करून घेताना मला पहिल्यांदा तीव्रतेने वाटले की ज्या शब्दाला मी आयुष्यभर माझे नाव मानले, तो शब्द नेमका आहे तरी काय, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

गावच्या घरात माजघराच्या वरच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. आजोबांच्या मागे ती कोणी उघडली नव्हती. मी आणि माझ्या धाकट्या भावाने ती खाली काढली. वर जमाखर्चाच्या वह्या, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या आणि कोण्या खटल्याची कागदपत्रे होती. तळाशी एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला मोडी लिपीतला एक लांब कागद होता. घड्यांवर तो विरला होता आणि एका कडेला कसरीने खाल्ला होता. मला मोडी येत नाही. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तो टेबलावर पसरला, बोट न टेकवता त्यावरून हात फिरवत वाचला आणि सांगितले की दोन गावांच्या शिवेच्या भांडणातला हा कागद आहे. खाली साक्षीदारांची नावे होती. त्यांत एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. तिथे लिहिले होते, अमुक वल्लद तमुक गावंडे, देशमुख, आणि पुढे परगण्याचे नाव. सही नव्हती. सहीच्या जागी शाईने काढलेला एक छोटा नांगर होता: इसाड, रुमणे, फाळ, सगळे चार-पाच रेघांत. जुन्या कागदांवर पाटील-देशमुखांची निशाणी नांगराची असते आणि लेखणी धरणाऱ्या वतनदारांची लेखणीची, हे त्या गृहस्थांनी मला समजावले. त्यांच्या दृष्टीने ती रोजची गोष्ट होती. मी मात्र त्या नांगराकडे बराच वेळ पाहत राहिले. माझ्या पणजोबांच्याही आधीच्या कोणा माणसाने तो कागदावर काढला होता.

त्या ओळीत आडनाव होते गावंडे. देशमुख हा शब्द त्याच्यानंतर आला होता, जसा आज नावापुढे तहसीलदार किंवा मुख्याध्यापक असा हुद्दा येतो तसा. मधल्या काळात केव्हातरी गावंडे गळून पडले आणि हुद्दाच नाव होऊन बसला.

देशमुख या शब्दातला देश म्हणजे आपण आज ज्याला देश म्हणतो तो नव्हे. तो परगणा: काही गावांचा, कधी दहावीस तर कधी शंभराहूनही अधिक गावांचा मुलूख. त्या देशाचे जे मुख तो देशमुख. गावाला जसा पाटील आणि कुळकर्णी, तसा परगण्याला देशमुख आणि देशपांडे. पाटलांकडून वसूल गोळा करून सरकारात भरणे, परगण्यात बंदोबस्त ठेवणे, ओस पडलेली गावे पुन्हा वसवणे, पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी कुळांना धीर देणे, शिवेच्या आणि वारशाच्या तंट्यांत मजलशीत बसून साक्ष देणे, ही त्याची कामे. त्याबदल्यात त्याला वसुलात हक्क, इनाम जमिनी आणि सणासमारंभात मान मिळे. देशपांड्याने त्याचा हिशेब ठेवायचा. बहामनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे, निजाम असे राज्यकर्ते बदलत गेले; देशमुख मात्र जागेवर राहिले, कारण गावोगावची जमीन कोणाची आणि तिच्यात काय पिकते हे राजाला ठाऊक नव्हते, त्यांना ठाऊक होते.

ही सत्ता केवढी होती हे शिवाजी महाराजांच्या धोरणावरून कळते. वाडे, बुरूज आणि शिबंदी बाळगून रयतेला नागवणाऱ्या देशमुखांचे बुरूज त्यांनी पाडले, वसुलीत कारकून नेमून वतनदाराचा हक्क ठरावीक केला, आणि स्वतः मात्र सरदेशमुखीवर, म्हणजे मुलखाच्या वसुलाच्या दशांशावर, आपला हक्क सांगितला. वतनदार म्हणजे राज्याचे दायादच, असे आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात म्हटले आहे. राज्यात वाटा मागणारे भाऊबंद, या अर्थाने. अफजलखान १६५९ साली चालून आला तेव्हा रोहिडखोऱ्यातले दोन देशमुख त्याच्या फर्मानांपुढे उभे होते. कान्होजी जेधे यांनी वतनावर पाणी सोडून महाराजांची बाजू धरली आणि खंडोजी खोपडे खानाला मिळाले. खोरे एक, हुद्दा एक आणि संकटही एकच होते. हुद्द्याने त्यांना काय करायचे ते सांगितले नव्हते. जेध्यांनी पुढेही आपले जेधे हे नाव टाकले नाही, म्हणून आपण त्यांना जेधे म्हणून ओळखतो. ज्या घराण्यांनी टाकले, त्यांच्यात आमचे एक.

हे आडनाव ऐकून सगळीकडे मानच मिळतो असे नाही. आमच्या शाळेत आदिलाबादकडच्या एक बाई होत्या. माझी ओळख करून दिली तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाई, आमच्या आजीपुढे हे नाव घेऊ नका." तेलंगणात निजामाच्या अमलाखाली देशमुख हे बहुतेक मोठे जमीनदार होते, त्यांत रेड्डी पुष्कळ. रयतेकडून वेट्टी, म्हणजे फुकटची सक्तीची मजुरी, घेण्याची त्यांची पद्धत होती. विसनूरच्या देशमुखाविरुद्ध पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा या परीट समाजातल्या स्त्रीने आपले शेत आणि त्यातले पीक सोडायला नकार दिला, आणि १९४६ साली जुलै महिन्यात त्याच देशमुखाच्या माणसांच्या गोळीबारात कडवेंडीला दोड्डी कोमरय्या मारले गेले. त्यानंतर तेलंगणातला सशस्त्र लढा पेटला. मी देशमुख आहे हे सांगताना मला कधी संकोच वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला, आणि तो योग्यच होता असे मी आजही मानते. माझ्या घराण्याचा त्याच्याशी संबंध नाही हे म्हणणे सोपे आहे. पण वऱ्हाडातल्या देशमुखांच्या वाड्यांवर राबणाऱ्यांनी काय सोसले, ते कागदांच्या त्या पेटीत नव्हते, कारण पेटी आमची होती.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. वसुलीचे काम पगारी तहसीलदारांकडे गेले. नागपूरच्या बाजूला गावोगावी मालगुजार, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणारे जमीनमालक, झाले आणि मालगुजारीही १९५१ मध्ये गेली. देशमुखाचे काम असे संपले. शब्द मात्र राहिला. काम गेल्यावर शब्द नाहीसा व्हायला हवा होता. उलट तो लोकांनी अधिक घट्ट धरला, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात लिहिला, मतदार यादीत लिहिला, घराच्या दारावर लिहिला. मुळात वतनच राहिले नव्हते, तेव्हा वतनाची खूण तरी राहावी, असे वाटले असेल. मला ते समजते. आजोबांनी गावच्या वाड्याच्या पडक्या भिंती सहा उन्हाळे गेरूने रंगवल्या होत्या.

आमच्यासारखी झाकलेली नावे किती आहेत हे पाहू लागले तर मोठमोठी माणसे सापडतात. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहून ब्राह्मणशाहीवर आणि समाजाच्या आळसावर कोरडे ओढणारे लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरि देशमुख, मूळचे सिद्धये. त्यांच्या पूर्वजांकडे देशमुखी होती, म्हणून ते देशमुख. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या घराण्याचे मूळ आडनाव कदम. सिद्धये कोकणातून आलेले ब्राह्मण, कदम वऱ्हाडातल्या पापळ गावचे मराठा शेतकरी. दोघांमध्ये सव्वाशे-दीडशे कोसांचे आणि दोन जातींचे अंतर, आणि ग्रंथालयाच्या सूचीत ही दोन्ही नावे एकाच अक्षराखाली एकापाठोपाठ येतात.

नागपूरच्या माणसाला या बाबतीत एक गोष्ट विशेष जवळची वाटावी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी होते, तेव्हा येथल्या सरकारी कारभारात दोन देशमुख वावरत होते. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख हे महाडजवळच्या नाते गावात १८९६ साली जन्मलेले कायस्थ प्रभू. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिले आलेले आणि नेमणुकीने मध्य प्रांतात दाखल झालेले. येथे त्यांनी जमाबंदीची कामे केली, पुढे प्रांताचे महसूल सचिव आणि वित्त सचिव झाले. म्हणजे ज्या वसुलीमुळे त्यांच्या पूर्वजांना हे नाव मिळाले असणार, तीच वसुली ते पगारी अधिकारी म्हणून, परक्या सरकारच्या नियमांनी, दुसऱ्याच मुलखात करत होते. त्याच काळात पंजाबराव देशमुख इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन अमरावतीला परतले, १९२७ मध्ये अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून झालेल्या सत्याग्रहात उतरले आणि १९३० च्या सुमारास याच प्रांताचे शिक्षणमंत्री झाले.

पुढे दोघेही दिल्लीत भेटले. चिंतामणराव १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५० पासून अर्थमंत्री. पंजाबराव १९५२ पासून दहा वर्षे कृषी खाते सांभाळत होते. १९५२ ते १९५६ या काळात नेहरूंच्या सरकारात पैशाच्या टेबलावर एक देशमुख होते आणि शेतीच्या टेबलावर दुसरे. शेतीला पैसा मिळावा म्हणून एक देशमुख दुसऱ्या देशमुखाकडे मागणी करत असणार. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाऊ नये या प्रश्नावर चिंतामणराव १९५६ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. पंजाबराव १९६२ पर्यंत खात्यात राहिले. माझ्या वडिलांना हे दोघे सख्खे चुलतभाऊ आहेत असे कितीतरी वर्षे वाटत होते. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. आडनावानेच सांगितले होते.

चिंतामणरावांच्या पत्नी दुर्गाबाई हे आणखी निराळे उदाहरण आहे. त्या राजमहेंद्रीच्या, तेलुगू भाषक. लहानपणी झालेला विवाह मोडून बाहेर पडलेल्या, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेल्या, आंध्र महिला सभा उभी करणाऱ्या. संविधान सभेच्या कामकाजात त्या जी. दुर्गाबाई म्हणून बोलतात. १९५३ मध्ये त्यांनी चिंतामणरावांशी विवाह केला, त्यानंतर त्या देशमुख झाल्या, आणि आज दिल्लीच्या एका मेट्रो स्थानकावर त्यांचे नाव दुर्गाबाई देशमुख असेच आहे. कोकणातल्या एका परगण्याच्या वतनाचा शब्द एका तेलुगू स्त्रीच्या नावाने दिल्लीच्या फलाटावर उभा आहे. मला हे फार हृद्य वाटते, कारण त्या स्थानकावर उतरणाऱ्या मुलींना देशमुख म्हणजे परगणा आठवत नाही, दुर्गाबाई आठवतात.

ही सगळी नावे ओळीने घेताना माझ्या लक्षात आले की यांतल्या एकालाही लोक देशमुख म्हणत नाहीत. वऱ्हाडात पंजाबराव म्हणतात, किंवा आदराने भाऊसाहेब. चिंतामणराव म्हणजे सी. डी. गोपाळ हरींना लोकहितवादी. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे चंडिकादास अमृतराव देशमुख, ज्यांनी चित्रकूटला ग्रामीण विद्यापीठ उभे केले आणि ज्यांना २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळाले, ते सर्वांचे नानाजी. बाभळगावचे मुख्यमंत्री विलासराव. आडनाव इतक्या जणांत वाटले गेले आहे की माणूस ओळखण्याच्या कामी ते येत नाही, आणि मग लोक पाळण्यातल्या नावाकडे, घरच्या हाकेकडे किंवा आद्याक्षरांकडे वळतात. आमच्या गावात साठ घरे देशमुखांची होती. पोस्टमनदादा पत्र देताना कधी देशमुख म्हणत नसत, ते माझ्या आजोबांना "नांगऱ्या वाड्याचे बापू" म्हणत. माझ्या वर्गातही एका वर्षी पाच देशमुख होते. हजेरी घेताना मी त्यांची फक्त पहिली नावे पुकारत असे, आणि आडनावाने पुकारल्या जाणाऱ्या मुलांना वाटे की बाईंचा या पाचांवर अधिक जीव आहे.

संस्थांचेही तसेच झाले आहे. महाराजबागेला लागून असलेले आमचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. ते आज अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली येते, आणि बागेतले प्राणिसंग्रहालयही. १९६९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचे नाव पंजाबराव कृषी विद्यापीठ असे होते, आडनावाशिवाय. आडनाव नंतर जोडले गेले. पण शेतकऱ्याच्या तोंडी आजही पीकेव्हीच आहे: पीकेव्हीचे बियाणे, पीकेव्हीचे शिवार फेरी, पीकेव्हीवाले साहेब. काँग्रेसनगरातले शिवाजी सायन्स कॉलेज पंजाबरावांनीच स्थापन केलेल्या शिक्षणसंस्थेचे आहे. अमरावतीहून पसरलेल्या या संस्थेला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, शिवाजी महाराजांचे दिले. माझी मुलगी तिथे शिकली. प्रवेशाच्या दिवशी अर्जावर आडनाव लिहिताना तिने मला विचारले होते, "आई, हे आपले नातेवाईक आहेत का?" मी नाही म्हटले, पण ते नाही म्हणताना माझा आवाज थोडा पडला हे मला आठवते.

याच्या उलट सिव्हिल लाइन्समधले डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह. त्याला सारे शहर देशपांडे हॉल म्हणते. देशपांडेही तेवढेच जागोजागचे आणि ते नावही तसाच हुद्दा, तरी या शहरात ती जागा सांगताना देशपांडे एवढेच पुरते. मूर्तिजापूरला जन्मलेल्या त्या गायकाने हुद्द्याचा तो शब्द एवढा स्वतःचा करून टाकला आहे की नागपुरात कोणी "कोणते देशपांडे?" असे विचारत नाही.

आता तो प्रसंग सांगते, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना, आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू, शहरातल्या एका रुग्णालयात भरती केले होते. वय अठ्ठ्याहत्तर, श्वासाचा त्रास, पायांना सूज. तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर रक्ताची पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "देशमुख कोण?" मी हात वर केला. त्यांनी स्टँड ओढला, पिशवी लटकवली. मामाजींना रक्त द्यायचे आहे असे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. मी फाइल मागितली. फाइलच्या वरच्या कागदावर हिमोग्लोबिन ६.२ लिहिले होते आणि नावाच्या जागी आर. देशमुख. मामाजींचे नाव रामराव. सगळे जुळत होते. फक्त वय चोपन्न लिहिले होते. मी ते सिस्टरना दाखवले. त्यांनी पिशवीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली, त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी काहीही न बोलता पिशवी काढून घेतली. मामाजींचा रक्तगट ओ होता आणि पिशवीवर बी लिहिले होते. पुढे आणखी एकदा तपासणी झाली असती, असे नंतर डॉक्टरांनी सांगितले. झाली असती, हे मी मानते. पण त्या वेळी स्टँड मामाजींच्या डोक्याशी होता.

दुसरे आर. देशमुख आमच्या पलीकडे चौथ्या खाटेवर होते. त्यांच्या उशाशी बसलेली बाई, त्यांची पत्नी, उभी राहून हे सगळे पाहत होती. ती हिंदीत म्हणाली, "हम भी देशमुख हैं, दीदी." ते दुर्ग जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आले होते. छत्तीसगडहून आणि मध्य प्रदेशातून पुष्कळ लोक उपचारासाठी नागपुरात येतात, तसे तेही गाडी पकडून आले होते आणि आठ दिवस बाहेरच्या धर्मशाळेत राहत होते. ती कुर्मी समाजातली. तिच्या माहेरी, सासरी, आजूबाजूच्या गावांत देशमुख आडनाव सर्रास. मराठी तिच्या घरात कोणालाही येत नव्हते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रज येईपर्यंत छत्तीसगडावर नागपूरच्या भोसल्यांचा अंमल होता हे मी इतिहासात शिकवले होते. पण त्या मुलखातला एक देशमुख आमच्यापासून चार खाटांवर झोपलेला आहे, हे मला धड्यात कुठेच भेटले नव्हते. दुर्गजवळच्या बघेरा गावचे दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये चंदैनी गोंदा ही लोककलांची मंडळी उभी केली आणि छत्तीसगडी गाण्याला नवा जीव दिला, हे तिनेच मला सांगितले. ते सांगताना तिच्या आवाजात तोच अभिमान होता जो पंजाबरावांचे नाव घेताना माझ्या वडिलांच्या आवाजात असे.

त्या संध्याकाळपासून आम्ही दोघींनी एक गोष्ट केली. पांढऱ्या चिकटपट्टीवर स्केच पेनने मोठ्या अक्षरांत लिहून दोन्ही खाटांच्या दांड्यांना लावले. तिच्या पतीच्या खाटेवर मी हिंदीत लिहिले: रामाधार देशमुख, दुर्ग, बी. मामाजींच्या खाटेवर मराठीत: रामराव देशमुख, नागपूर, ओ. सिस्टर बदलल्या, पाळ्या बदलल्या, पण त्यानंतर कोणीही त्या खोलीत नुसते "देशमुख" असे पुकारले नाही. "दुर्गवाले" आणि "नागपूरवाले" असे म्हणू लागले. रामाधारजींना त्यांचे रक्त मिळाले, पंधरा दिवसांनी ते घरी गेले. मामाजी आणखी दीड वर्ष आमच्यात होते.

आजोबांच्या पेटीतला तो मोडी कागद मी आता काचेत घालून समोरच्या खोलीत लावला आहे. येणारे-जाणारे नांगराकडे बोट दाखवून विचारतात, मी सांगते. गावंडे हे नाव पुन्हा लावावे असे माझ्या भावाच्या मनात एकदा आले होते. राजपत्रात नाव बदलण्याची प्रक्रियाही त्याने विचारून ठेवली होती. मग त्याच्या मुलाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, पासपोर्ट, सातबारा असे सगळे बदलावे लागेल हे कळल्यावर त्याने तो विचार सोडला. मला त्याचे वाईट वाटले नाही. आमच्या आधीच्या कोणीतरी गावंडे सोडले ते हुद्द्याच्या मानासाठी. आम्ही देशमुख सोडत नाही आहोत ते गुणपत्रिकांसाठी. पण घरातल्या मुलांना दोन्ही नावे ठाऊक असावीत असे मला मनापासून वाटते, म्हणून दर दिवाळीला मी ती त्यांच्याकडून म्हणवून घेते: मूळ नाव गावंडे, हुद्दा देशमुख, आणि परगणा अमुक.

माझ्या मोबाइलमध्ये आज एकतीस देशमुख आहेत. नुसते देशमुख लिहून भागत नाही, म्हणून प्रत्येकापुढे गाव लिहिले आहे: देशमुख दर्यापूर, देशमुख काटोल, देशमुख महाल, देशमुख वणी. गेल्या अक्षय तृतीयेला सकाळी फोन वाजला आणि काचेवर उमटले, देशमुख दुर्ग. रामाधारजींच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि त्यांच्या पत्नीने बोलावले होते. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारले की मुलाकडचेही देशमुखच आहेत, तर नागपुरात आपल्यात मूळ नाव विचारतात तसे काही विचारून घ्यावे का. मी म्हटले, विचारून घ्या, आणि काय निघते ते मलाही कळवा.